नंबर नसलेली वेटिंग लिस्ट

मराठी घराला वेटिंग लिस्ट समजावून दिली ती रेल्वेनं. तिकिटावर ‘डब्ल्यूएल ३४’ छापून आलं की घरातलं जाणतं माणूस लगेच निकाल देतं, “चौतीस ना? होऊन जाईल.” किंवा, “गणपतीत कोकणात? विसरा.” मग रोज सकाळी चहाबरोबर पीएनआर तपासायचा. चौतीसचे एकोणीस होतात, एकोणीसचे सात, आणि मग आरएसी, म्हणजे साइड लोअरच्या एका बर्थवर दोन अनोळखी माणसांनी रात्रभर पाय दुमडून बसायचं. त्रास असतोच, पण त्या त्रासाला आकडा असतो. आपल्यापुढे किती जण आहेत ते कळतं, गाडी कधी सुटणार ते कळतं, आणि चार्ट लागला की विषय संपतो.

अमेरिकेतल्या कॉलेजांची वेटिंग लिस्ट यातलं काहीच सांगत नाही.

तिथल्या नामांकित विद्यापीठांचे निकाल मार्चअखेरीस लागतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ आयव्ही लीग विद्यापीठं आपापले निर्णय एकाच संध्याकाळी जाहीर करतात. अलीकडे बहुधा पूर्व किनाऱ्यावर सात वाजायच्या सुमारास. भारतात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. समजा, पुण्यातल्या एखाद्या घरात बारावीची परीक्षा दिलेली मुलगी लॅपटॉपसमोर बसली आहे. आई ओट्याशी उगाचच दूध तापवते आहे. वडील झोपल्याचं सोंग घेऊन जागे आहेत. पोर्टल उघडतं. होकार असेल तर पहिल्याच ओळीत अभिनंदन असतं, नकार असेल तर पहिल्याच ओळीत दिलगिरी. तिसऱ्या प्रकारचं पत्र मात्र दोनदा वाचावं लागतं. त्यात अर्जाचं कौतुक असतं, यंदा किती अर्ज आले ते असतं, आणि मग हळूहळू उमगतं की आपल्याला घेतलेलं नाही, पण सोडलेलंही नाही. खाली प्रश्न असतो: यादीत राहायचं आहे का?

मुलगी ‘हो’वर क्लिक करते. झालं. आपला नंबर कितवा, यादीत किती जण, जागा किती सुटतील, निर्णय कधी कळेल, यांतलं काहीही तिला कळत नाही. बहुतेक कॉलेजं वेटिंग लिस्टला क्रमच देत नाहीत, त्यामुळे ‘कितवा’ या प्रश्नाला कॉलेजच्या दप्तरातही उत्तर नसतं. खरं तर तिला यादी म्हणणंच चुकीचं आहे. ही माणसांची कोठी आहे. लागेल तसं त्यातून काढून घ्यायचं.

ही कोठी कॉलेजला कशासाठी लागते? त्याचं उत्तर तोंडी हिशेबात सापडतं. समजा, एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या एक हजार जागा आहेत. एकेक मूल आठ, दहा, बारा ठिकाणी अर्ज करतं आणि शेवटी एकाच ठिकाणी जातं, त्यामुळे हजार जणांना होकार कळवला तर वर्ग निम्मासुद्धा भरणार नाही. गेल्या वर्षी होकार मिळालेल्यांपैकी चाळीस टक्के आले होते. म्हणून यंदा अडीच हजारांना होकार द्यायचा. पण यंदा पंचेचाळीस टक्के आले तर? सव्वाशे मुलं जास्त, त्यांना वसतिगृहात खाटा कुठून आणायच्या? पस्तीसच टक्के आले तर सव्वाशे जागा रिकाम्या, आणि तेवढ्या फीची तूट चार वर्षं सोबत. होकार मिळाल्यावर प्रत्यक्ष येणाऱ्यांच्या या प्रमाणाला तिथं ‘यील्ड’ म्हणतात. प्रवेश अधिकाऱ्याची झोप उडवणारा आकडा तो हाच. मग शहाणं कॉलेज होकार जरा हात राखून देतं, अडीच हजारांऐवजी तेवीसशे. नेहमीप्रमाणे नऊशे वीस आले की उरलेले ऐंशी कोठीतून काढायचे.

हात राखला नाही तर काय होतं, ते २०१७च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेनं पाहिलं. अंदाज होता सुमारे सव्वासहा हजार मुलांचा; प्रवेश पक्का करणारी निघाली सात हजारांवर. सत्र दोन महिन्यांवर आलेलं असताना विद्यापीठानं ४९९ जणांचे दिलेले प्रवेश मागे घेतले. कुणाची गुणपत्रिका वेळेवर पोहोचली नव्हती, कुणाचे शेवटच्या सहामाहीचे गुण घसरले होते. अशी कारणं एरवी सांभाळून घेतली जातात. गदारोळ झाला, विद्यापीठाला माफी मागावी लागली आणि बहुतेकांना परत घ्यावं लागलं. अशी नामुष्की टाळायचा विमा म्हणजे वेटिंग लिस्ट. विमा कॉलेजचा असतो. हप्ता भरतात ती मुलं, आणि तो पैशात नसून महिन्यांत असतो.

हप्ता किती मोठा? कॉलेज प्रवेशाच्या समुपदेशकांची तिथली राष्ट्रीय संघटना नॅकॅक. तिच्या पाहणीनुसार २०१८च्या प्रवेशात ४३ टक्के कॉलेजांनी वेटिंग लिस्ट वापरली, आणि यादीत राहायचं कबूल केलेल्यांपैकी सरासरी २० टक्क्यांना पुढे प्रवेश मिळाला. पाचात एक, म्हणजे फार वाईट नाही, असं वाटतं. पण प्रवेश मिळायला सर्वांत अवघड असलेली कॉलेजं वेगळी काढली की हा आकडा ७ टक्क्यांवर येतो. सरासरीतही गोम आहे. एका वर्षी शंभर जण उचलणारं कॉलेज दुसऱ्या वर्षी एकालाही हात लावत नाही, कारण यंदाचा यील्ड अंदाजापेक्षा चांगला आलेला असतो. मुलाच्या गुणांशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

आता कोठीतून काढतात कुणाला? आपल्याकडच्या पालकाला इथं हमखास ठेच लागते. ‘पुढचा नंबर’ ही कल्पनाच तिथं चालत नाही. १ मे ही मुलांनी प्रवेश पक्का करायची तारीख उलटली की कॉलेज जमलेल्या वर्गाकडे बघतं आणि भोकं मोजतं. ऑर्केस्ट्रातली ओबो वाजवणारी मुलगी पदवी घेऊन गेली आणि नवी आली नाही. भौतिकशास्त्राला मुली कमी पडल्या. पश्चिमेकडच्या अमुक राज्यातून यंदा कुणीच नाही. ज्याचं भोक त्याचं ठिगळ. त्यात पैशाचाही मुद्दा असतो. नेहमीच्या फेरीत ‘आम्ही घरची परिस्थिती न पाहता प्रवेश देतो’ असं अभिमानानं सांगणारी काही कॉलेजं वेटिंग लिस्टपाशी आली की परिस्थिती पाहू लागतात, कारण आर्थिक मदतीचा बटवा तोवर रिकामा झालेला असतो. पूर्ण फी भरू शकणारं मूल अशा वेळी सोयीचं पडतं. शिवाय काही ठिकाणी पत्र पाठवण्याआधी फोन येतो: समजा आम्ही जागा दिली, तर तुम्ही येणार ना? ‘हो’ म्हणणाऱ्यालाच मग रीतसर होकार जातो. यील्डचा आकडाही छान दिसतो.

या कोठीला एक चोरकप्पाही असतो, हे २०१८ साली हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात बॉस्टनच्या न्यायालयात सगळ्यांसमोर आलं. खटला होता आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो या आरोपाचा. त्या ओघात विद्यापीठाची कागदपत्रं उघडी झाली आणि ‘झेड लिस्ट’ हे नाव घरोघरी गेलं. वेटिंगवरच्या काही निवडक मुलांना सांगितलं जातं, यंदा नाही, पण एक वर्ष थांबलात तर पुढच्या वर्षीची जागा तुमची. अशी मुलं वर्षाला साधारण पन्नास ते साठ, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी हार्वर्डच्याच माजी विद्यार्थ्यांची मुलं. रेल्वेतल्या व्हीआयपी कोट्याला आपण नावं ठेवतो. पण तो आहे हे निदान सर्वांना माहीत असतं.

तोवर आपली पुण्यातली मुलगी काय करते? एप्रिलमध्ये ती एक पत्र लिहिते. समुपदेशकांच्या भाषेत त्याचं नाव ‘लोकी’, म्हणजे ‘मला अजूनही तुमच्याकडेच यायचं आहे’ एवढं एका पानात सांगणारं पत्र. अर्ज केल्यानंतर काय नवं केलं, हे त्यात घालायचं असतं. अडचण अशी की अर्ज केल्यानंतर तिनं फक्त बारावीचा अभ्यास केलेला असतो. मग १ मेच्या आत ती दुसऱ्या, होकार दिलेल्या कॉलेजात काहीशे डॉलर भरून जागा अडवते. वेटिंगचं नशीब उघडलं तर हे पैसे बुडाले असं समजायचं. भारतातल्या मुलीला आणखी एक शर्यत असते. कॉलेजनं ‘आय-२०’ हा कागद पाठवायचा, त्यावर फी भरायची, व्हिसाचा लांबलचक अर्ज भरायचा, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळवायची, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात तिथं वर्गात बसायचं. वेटिंगवरून जूनअखेरीस होकार आला तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

याच गोंधळानं १९६० साली एका गणितज्ञाचं कुतूहल चाळवलं. डेव्हिड गेल ब्राउन विद्यापीठात शिकवत होते. त्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात येल विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीवर एक प्रदीर्घ लेख आला: अर्ज कसे वाचतात, कुणाला घेतात, किती येतील याचे अंदाज कसे बांधतात. गेल यांना त्यात माणसांची दुःखं दिसली असतीलच, पण एक प्रश्नही दिसला. मुलांना आपापली आवड आहे, कॉलेजांना आपापली. अशी वाटणी करता येईल का, की नंतर कुठलंही मूल आणि कुठलंही कॉलेज एकमेकांकडे बघून ‘अरे, आपण दोघं एकत्र आलो असतो तर दोघांचंही भलं झालं असतं’ असं म्हणू शकणार नाही? त्यांनी हा प्रश्न ओळखीच्या गणितज्ञांना पत्रानं कळवला. रँड कॉर्पोरेशनमधल्या लॉइड शॅप्ली यांनी उत्तर धाडलं. होय, नेहमीच करता येते, आणि ती अशी.

दोघांचा लेख १९६२ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मन्थली’त छापून आला. जेमतेम सात पानांचा, आणि त्यातली सिद्धता एकही समीकरण न वापरता साध्या बोलीत लिहिलेली. सुरुवातीलाच वेटिंग लिस्टवरच्या मुलाची कोंडी मांडली आहे. एका कॉलेजचा होकार हातात, जास्त आवडत्या कॉलेजात वेटिंग. आता सुरक्षित खेळायचं की जोखीम घ्यायची? आणि पहिल्याला हो म्हणून नंतर शब्द फिरवणं नीतीला धरून आहे का? साठ वर्षांपूर्वीचा हा परिच्छेद आजच्या एप्रिलमध्ये जसाच्या तसा लागू पडतो.

त्यांची रीत समजून घ्यायला जुनीच मंडळी कामाला लावू. अंकगणिताच्या पुस्तकातल्या अ, ब आणि क यांनी आजवर पुष्कळ हौद भरले, खंदक खणले. आता त्यांना कॉलेजात पाठवू. कॉलेजं दोन, डोंगर आणि नदी, प्रत्येकी एकच जागा. अ आणि ब यांना आधी डोंगर हवं, नाहीतर नदी. क ला आधी नदी, नाहीतर डोंगर. डोंगर कॉलेजच्या मते क सर्वांत चांगला, मग अ, मग ब. नदीच्या मते अ, मग ब, मग क.

पहिल्या फेरीत अ आणि ब डोंगराच्या दारात उभे राहतात, क नदीच्या. डोंगर अ ला ठेवून घेतं, ब ला परत पाठवतं. नदी क ला ठेवून घेतं. पण कुणालाही ‘प्रवेश पक्का’ असं सांगितलेलं नाही. दुसऱ्या फेरीत ब नदीकडे जातो. नदीला क पेक्षा ब बरा वाटतो, म्हणून क बाहेर. क डोंगराकडे वळतो. डोंगराला तो अ पेक्षा पसंत, म्हणून आता अ बाहेर, जो इतका वेळ निवांत बसला होता. अ नदीच्या दारात जातो आणि तिथं ब ला उठवतो. ब कडे दार उरलेलं नाही. खेळ थांबतो: डोंगरात क, नदीत अ. आता कुणी कुरकुर केली तरी तिला आधार नाही. अ ला डोंगर हवं होतं, पण डोंगराला क जास्त आवडतो. क ला नदी हवं होतं, पण नदीला अ. ब ला दोन्ही हवी होती, पण दोघांकडेही त्याच्याहून सरस माणूस बसला आहे.

या रीतीतली गंमत अशी. मधल्या फेऱ्यांत कॉलेज ज्यांना ठेवून घेतं, त्या मुलांच्या यादीला गेल आणि शॅप्ली यांनी दिलेलं नाव आहे ‘वेटिंग लिस्ट’. शेवटच्या क्षणापर्यंत तिथं सगळेच वेटिंगवर असतात. अगदी पहिला आलेलासुद्धा. शेवटी सगळ्यांचा चार्ट एकदम लागतो. आणि रांगेत कुणी आधी पोहोचलं, कुणाचा फोन लागला, कुणाकडे बुडवायला डिपॉझिट होतं, याला काही किंमत राहत नाही. पुढे हेही सिद्ध झालं की मुलं दार ठोठावत असतील तर आपली आवड जशी आहे तशीच लिहिण्यात त्यांचा तोटा कधीच होत नाही. ‘पहिल्या नंबरावर जरा सोपं कॉलेज टाक’ हा काकांचा सल्ला या रीतीत निकामी आहे.

गेल-शॅप्लींना तेव्हा माहीत नव्हतं, पण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही वाट त्यांच्या दहा वर्षं आधी तुडवली होती, आणि तीही वेटिंग लिस्टनं हैराण होऊन. इंटर्न कमी आणि जागा जास्त, त्यामुळे इस्पितळं एकमेकांच्या आधी विद्यार्थी पटकावायला धावत. १९४०च्या दशकात हे इतकं वाढलं की पदवीला दोन वर्षं असतानाच जागा ठरू लागल्या. मग वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरवलं की अमुक तारखेच्या आत विद्यार्थ्याची माहिती बाहेर द्यायचीच नाही. धावाधाव थांबली आणि दुसरंच दुखणं सुरू झालं. तिसऱ्या आवडीच्या इस्पितळाचा होकार हातात असलेला, पण पहिल्या आवडीच्या इस्पितळात वेटिंगवर असलेला विद्यार्थी शेवटच्या मिनिटापर्यंत उत्तर देईना. त्याच्या होकारावर खोळंबलेलं इस्पितळ पुढच्याला बोलावी, तोवर तो दुसरीकडे गेलेला. उपाय म्हणून विचार करायला दिलेली मुदत कापत गेले. १९४५ साली दहा दिवस होते, पुढच्या वर्षी आठ. १९४९मध्ये प्रस्ताव आला की मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटानं तारेनं होकार कळवावा आणि विद्यार्थ्यानं त्याच दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावं. इस्पितळांच्या संघटनेला हे बारा तासही जास्त वाटले! अखेर ठरलं की १२.०१ नंतर थांबण्याचं बंधन कुणावर नाही. तारा मात्र आधीच तार कचेरीत भरून ठेवाव्यात, म्हणजे बरोबर त्या मिनिटाला पोहोचतील.

आयुष्यातला एवढा मोठा निर्णय मध्यरात्री, दारात तारवाला उभा असताना. ही रीत टिकणं शक्य नव्हतं. १९५२ साली सगळ्यांच्या पसंतीच्या याद्या एका ठिकाणी गोळा करून जागा वाटायला सुरुवात झाली. तिथं वापरलेली कृती म्हणजे गेल-शॅप्लींचीच रीत, हे अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञानं १९८४मध्ये दाखवून दिलं. याच रॉथ यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कुलांचा गुंता सोडवला. तिथं दर वर्षी नव्वद हजारांवर मुलं. सुमारे १७,००० जणांना एकाहून जास्त शाळांची बोलावणी येत आणि सुमारे ३०,००० जणांना अशी शाळा मिळे जिचं नाव त्यांनी लिहिलेलंच नसे. २००३मध्ये ठरवलेल्या नव्या रीतीनं पहिल्याच वर्षी हे तीस हजार तीन हजारांच्या आसपास आले. २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. गेल २००८मध्येच गेले होते.

भारतात ही रीत आली ती आयआयटींच्या दारातून. २०१५पर्यंत आयआयटी आणि एनआयटी यांचं जागावाटप वेगवेगळं चाले. एकच हुशार मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे, शेवटी एक सोडे, आणि सोडलेली जागा बऱ्याचदा रिकामीच राही. कारण तोवर तिची वाट पाहणाराही दुसरीकडे फी भरून मोकळा झालेला असे. २०१५मध्ये ‘जोसा’ ही सामाईक यंत्रणा सुरू झाली: सुमारे ऐंशी संस्था, पाचशेहून जास्त अभ्यासक्रम, एकच पसंतीयादी. सुरेंद्र बस्वाना, पार्थ प्रतिम चक्रवर्ती, शरत् चंद्रन, यशोधन कानोरिया आणि उत्कर्ष पाटंगे यांनी तिची आखणी केली. आरक्षणाचे एकमेकांत गुंतलेले नियम गेल-शॅप्लींच्या सात पानांत अर्थातच नव्हते. ते बसवणं हेच खरं काम होतं. रिकाम्या जागा लक्षणीय कमी झाल्या.

जोसाच्या बोलीत तीन शब्द आहेत, आणि जूनमध्ये ते बारावीच्या घराघरांत ऐकू येतात: फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं त्यात समाधान. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा वरची मिळाली तर बघा. फ्लोट म्हणजे हातचं राहू दे, पण यादीत वरचं काहीही मिळालं तरी मी तयार आहे. फ्लोट हीसुद्धा वेटिंगच आहे, फक्त खाली जाळं लावलेली. चांगली जागा मिळाली तर जुनी आपोआप सुटते, नाही मिळाली तर जुनी शाबूत. आरएसीशी तिचं जवळचं नातं आहे: पाय दुमडलेले असले तरी गाडीत बसायला मिळालेलं असतं. फेऱ्या एकाहून जास्त घ्याव्या लागतात, कारण जागा मिळाल्यावर न येणारी मुलं असतातच आणि त्यांच्या जागा पुन्हा वाटाव्या लागतात.

महाराष्ट्रात सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश याच कुटुंबातले, पण त्यांच्या खुंट्या वेगळ्या. मुंबईत २००९पासून अकरावी ऑनलाइन झाली, त्याआधी प्रत्येक कॉलेजच्या फलकासमोर वेगळी रांग, वेगळी यादी आणि वेगळी धक्काबुक्की असायची. आता पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकायचं. फेऱ्या आवराव्यात म्हणून मारलेली ही खुंटी आहे आणि प्रशासनाच्या बाजूनं ती समजण्यासारखीही आहे. पण पहिल्या एका पसंतीपुरती ती थांबली तरच ठीक. पहिल्या काही पसंतींपैकी काहीही लागलं तरी प्रवेश घ्या, असा नियम आला की ‘आवड तशी लिहा’ हा निर्धास्तपणा जातो आणि काकांचा सल्ला पुन्हा कामाचा ठरतो. मग ऑप्शन फॉर्म भरायच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीच्या कटऑफचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरतात.

मग अमेरिकेतली कॉलेजं हे का करत नाहीत? रीत त्यांच्याच देशात सापडली, त्यांच्याच नावानं छापली गेली. पण तिला लागते एक ठाम यादी: कोण पहिला, कोण दुसरा. तिथल्या कॉलेजला असा क्रम नको असतो, त्याला वर्ग रचायचा असतो. ओबोवाली हवी की नको हे बाकी कोण आलंय त्यावर ठरतं. शिवाय सगळ्यांनी मिळून काही ठरवायला गेलं की सरकारी वकील दारात उभे राहतात. डॉक्टरांच्या जागावाटपावरच स्पर्धाविरोधी कट म्हणून खटला झाला होता, आणि २००४ साली संसदेनं कायदा करून त्याला सूट दिली. १ मेनंतर दुसऱ्याकडे पैसे भरलेल्या मुलाला फितवायचं नाही, हा नॅकॅकचा सभ्य नियमही न्याय खात्याच्या चौकशीमुळे २०१९मध्ये काढून टाकावा लागला.

त्यामुळे दर उन्हाळ्यात तिथं जे घडतं ते बघण्यासारखं असतं. मे महिन्यात एखादं मोठं विद्यापीठ कोठीतून चाळीस मुलं उचलतं. त्या चाळिसांनी आणखी कुठे कुठे पैसे भरलेले असतात. तिथं चाळीस भोकं पडतात. ती कॉलेजं आपापल्या कोठीत हात घालतात, आणि भोकं एक पायरी खाली सरकतात. जूनमध्ये आणखी खाली. हे नीट पाहिलं तर गेल-शॅप्लींचीच कृती आहे, फक्त दार ठोठावतात ती कॉलेजं. आणि संगणकात क्षणभरात होणारी एकेक फेरी इथं हातानं चालते: दोन आठवडे, एक फोन, एक बुडालेलं डिपॉझिट. शेवटच्या पायरीवरचं लहान कॉलेज ऑगस्टमध्ये रिकामे बाक मोजतं. आपला ब दोन्हीकडे बाहेरच राहतो. संगणकानं त्याला तेच उत्तर दिलं असतं, पण एप्रिलमध्ये.

पुण्यातली मुलगी जूनच्या अखेरीस बीकेसीत वकिलातीच्या रांगेत उभी आहे. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो बाहेर, फुटपाथवर छत्री धरून उभ्या असलेल्या वडिलांच्या खिशात. अकरा वाजता तो थरथरतो. वेटिंग लिस्ट यंदासाठी बंद केली आहे, असं त्या विद्यापीठानं कळवलेलं असतं. वडील वाचतात, फोन खिशात ठेवतात. आत खिडकीपाशी मुलगी फाइल उघडून आय-२० पुढे सरकवते, दुसऱ्या विद्यापीठाचा, आणि खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो की हेच कॉलेज का निवडलं.